कठडा कोणत्या बाजूला

पणदरे, ता. बारामती
वसुबारसेचा आदला दिवस

साडूबंधू कुंडलिकराव यांना पणदऱ्याहून मानसिंगचा रामराम.

तुमचा दुसराही डोळा उरकला आणि आता तुम्ही काळा चष्मा लावून ओसरीवर बसता, बागेत जायची बंदी असल्यानं डाळिंबाऐवजी घरातल्या माणसांवर लक्ष ठेवता, असं कळलं. (कुणाकडून कळलं ते सांगायला हरकत नाही. इंदापूरला माल नेणारा टेम्पोवाला बिरू सांगत होता. हे पत्रही त्याच्याच हाती देतो आहे.) डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे ती मात्र कसोशीनं पाळा. पेपरात तसंही काही नसतं. धोंडाआक्कांचा हरवलेला चष्मा सापडला का? नसेल तर पिठाच्या डब्यात बघा, मागच्या खेपेला तिथंच सापडला होता. आमच्याकडं सर्व ठीक आहे. ऊस बरा आहे, मी बरा आहे, फक्त तांबडी गाय दूध चोरते. तिला माझा हात पटत नाही. वासरू सोडून बघितलं, पेंड बदलून बघितली, लीलाबाईंचं जुनं लुगडं खांद्यावर टाकून बघितलं. तिनं मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे फसवलेलं तिला कळतं, एवढं सिद्ध झालं.

लीलाबाईंचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. तुमच्या मेव्हणीबाई तुमच्या डोळ्यासाठी चार दिवस म्हणून इंदापूरला आल्या. त्या चार दिवसांचं पुढं काय झालं हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाही. पाहुण्याच्या घरी माणसाला करमत असेल तर आपण आनंदच मानला पाहिजे. निघताना त्या मागच्या दाराच्या पायऱ्यांकडं बघून "कठडा झाला की सांगा, मग येते" एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही, त्यामुळं भांडण झालं असं म्हणता येणार नाही. मलाही घाई नाही. पाडवा तेवढा तोंडावर आला आहे, आणि ओवाळायला घरात कुणीतरी असावं लागतं. ऋषिराज पुण्याहून येणार आहे, पण पाडव्याला मुलानं बापाला ओवाळल्याचं आमच्या भावकीत तरी ऐकिवात नाही.

असो. पत्राचं खरं कारण वेगळं आहे. दसऱ्याला तुम्ही फोनवर विचारलं होतं की बागेच्या तारेसाठी अँगल जोडायचे आहेत, एखादं फाटक करायचं आहे, तर घरी वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं आणि ते नवीन प्लाझ्मा कटर का काय म्हणतात ते सोबत घ्यावं का. तुम्ही वडीलधारे असून माझा सल्ला मागितलात, त्याचं उत्तर राहून गेलं. फोनवर सांगितलं असतं, पण हल्ली तुमचा फोन लीलाबाई उचलतात. त्या "बोला" म्हणतात, मी गाईचं सांगतो, त्या डोळ्याचं सांगतात, मग दोघंही थोडा वेळ फोन धरून उभे राहतो आणि ठेवतो. त्यात मशीनचा विषय काढायला जागा राहत नाही. म्हणून सविस्तर लिहितो. (माझ्या अक्षराबद्दल माफी असावी. साखर कारखान्यात काट्यावर असताना माझी पावती हिशेबखात्यात गेली की तिकडून माणूस परत विचारायला यायचा.)

तर मूळ मुद्दा पायऱ्यांचा. आमच्या मागच्या दारातून गोठ्यात उतरायला तीन पायऱ्या आहेत, हे तुम्ही जाणताच, कारण ऋषिराजच्या लग्नात तुम्ही त्यांवरून एकदम खाली गेला होतात. लीलाबाईंचा गुडघा दुखायला लागल्यापासून त्या तिथं एक कठडा मागत होत्या. मागणी मोठी नव्हती. दोन उभे पाईप, एक आडवा. पिंपळीच्या गेणूला, म्हणजे आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्याला, सांगितलं. तो म्हणाला, "मंगळवारी येतो, तात्या." माणूस खोटं बोलणारा नाही. कोणता मंगळवार हे मीच विचारायला हवं होतं. पाऊसपाणी झालं, गणपती बसले आणि उठले, आणि माझ्या मनात आलं की जन्मभर मी काट्यावर बसून उसाची बैलगाडी नुसती बघून टनात सांगत आलो (शंभर-दोनशे किलोच्या आतच चुकायचो, विचारा कुणालाही), त्या माणसाला तीन पाईप जोडता येऊ नयेत? ऋषिराजला तसं बोललो, तर त्यानं संध्याकाळपर्यंत मोबाईलवर पंधरा-वीस व्हिडिओ पाठवले. त्यांत परदेशातली माणसं स्वच्छ कपडे घालून स्वच्छ खोलीत लोखंड जोडतात, मागं गाणं वाजतं आणि शेवटी एक कुत्रं येऊन शेपूट हलवतं. हे सगळं बघून माणसाचा गैरसमज होतो.

बारामतीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, किती अँपिअरचं पाहिजे? आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर पुरत असली तरी आपण साडेसातची बसवतो, कारण शेजाऱ्यानं साडेसातची बसवलेली असते आणि उन्हाळ्यात पाणी खाली जातं. त्या हिशेबानं मी म्हणालो, "त्याच्या वरचं द्या." त्यानं वरचं दाखवलं. मी म्हणालो, "त्याच्या बी वरचं." वेल्डिंग मशीनला उन्हाळा नसतो आणि त्याचं पाणी खाली जात नाही, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. घरी आणून चालू केलं, तर पहिल्याच ठिणगीला आमच्या आळीतले दिवे मान टाकू लागले. शेजारच्या सिंधुबाई मालिका बघत होत्या. त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "तात्या, तुमचं जोडून झालं की सांगा, मग आमी आमचं मरण बघतो." मालिकेतलं कुणीतरी मरणार होतं, ते त्यांना बघायचं होतं. मी त्यांना रोज मालिका संपेपर्यंत मशीन न लावायचा शब्द दिला आणि तो पाळला.

त्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांचं झालं. वेल्डिंगची काळी काच तोंडासमोर धरली की अंधार दिसतो, काच बाजूला केली की रॉड कुठं टेकवायचा ते दिसतं, म्हणून मी थोडं थोडं काच बाजूला करून बघत होतो. रात्री दोन्ही डोळ्यांत मूठमूठ वाळू गेल्यासारखं झालं. तुम्ही सध्या डोळ्यांचेच जाणकार आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. लीलाबाईंनी बटाट्याचे गार काप डोळ्यांवर ठेवले आणि ते तापले की बदलत उशाला बसून राहिल्या. डोळे मिटलेला नवरा उठून जात नाही हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या रात्री त्या बराच वेळ बोलल्या. गुडघ्याचं सांगत होत्या. कधी दुखतो, कसा दुखतो, पायरी उतरताना काय होतं, सगळं. मी हूं हूं करत होतो. खरं सांगायचं तर माझं लक्ष बटाट्यात होतं.

आता प्लाझ्मा कटर. तो घेण्याचं काहीच कारण नव्हतं, हे प्रथमच सांगून टाकतो. कृषी प्रदर्शनात मी ठिबकच्या नळ्या बघायला गेलो होतो. एका मंडपात एक पोरगेलेसा विक्रेता जाड लोखंडी पत्र्यातून मोर कापून काढत होता. सुरी पोळीतून फिरावी तसा. भोवती ही गर्दी. मी विचारलं, "घरी चालंल का?" तो म्हणाला, "थ्री फेज हाय का, काका?" मी म्हणालो, "हाय की." इथं बागायतदार माणूस या प्रश्नाला दुसरं उत्तर देतच नाही. थ्री फेज वीज आहे, बापजाद्यांपासून आहे, फक्त ती घरी नाही, विहिरीवर आहे. आणि विहिरीवर ती पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि मशीन टेम्पोत बसून पणदऱ्याला आलं. लीलाबाईंनी दारातच विचारलं, "कठड्याचं हाय का?" मी म्हणालो, कठड्याचंच, पण पुढचं. शिवाय त्याला हवेचा कॉम्प्रेसर लागतो, तो वेगळा आणला. त्या कॉम्प्रेसरची हवा कोरडी लागते, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. उसात, विहिरीच्या काठावर, पाटाच्या बाजूला कोरडी हवा कुठून आणायची हे लिहिलेलं नव्हतं.

मधे खंडेनवमी आली. कोयते, खुरपी, टिकाव, फवारणीचा पंप यांच्या रांगेत लीलाबाईंनी दोन्ही मशीनं मांडली, झेंडूच्या माळा घातल्या. कठड्याचे पाईप ओसरीत आणून ठेवले होते (तेवढे मी घेतलेच होते, हे नोंदवून ठेवा), त्यांनाही हळदकुंकू वाहिलं. एकेका पाईपाला एकेक बोट. मी म्हणालो, पाईप हे अवजार नव्हे, तो माल आहे. त्या म्हणाल्या, "राहू द्या. पूजा केल्यावर तरी कामाला लागतील."

दसऱ्यानंतर अडचण अशी उभी राहिली की प्लाझ्मा कटर जड. रोज विहिरीवर न्यायचा आणि रोज घरी आणायचा, कारण आमच्याकडं विहिरीवरून मोटरीची केबलसुद्धा चोरीला जाते, तर एवढं मशीन कोण ठेवतो? त्याला एक गाडा पाहिजे होता. फवारणीच्या जुन्या पंपाची चाकं पडलेली होती. पाईप ओसरीत समोरच होते. कुंडलिकराव, तुम्ही व्यवहारी माणूस आहात, तुम्हीच सांगा: आधी कठडा करायचा आणि मशीन पाठीवर वाहायचं, की आधी गाडा करायचा आणि मग सावकाश, हात बसल्यावर, उत्तम कठडा करायचा? मी गाडा केला. माझं पहिलं काम, पण तोंडात बोट घालावं असं. चारही पाय समान टेकत होते. त्यावरून मशीन विहिरीवर गेलं, दिवसाची पाळी होती, आणि मी मोर कापायला घेतला.

मोराचं थोडक्यात सांगतो. मान झाली, तुरा झाला, पिसाऱ्याला हात घातला तर ओल्या हवेनं कटर थुंकायला लागला. लाईट गेली. मी तुरा न्याहाळत बसलो. लाईट आली तेव्हा मोटरीचा ऑटो स्विच चालूच राहिलेला होता, मोटर सुरू झाली, पाण्याच्या पाईपाचा सांधा निसटला आणि मी, मोर, मशीन अशा तिघांनाही अंघोळ घडली. तो मोर सध्या गोठ्याच्या दारावर आहे. सिंधुबाईंनी विचारलं, "कोंबडी झ्याक केलीया, पण एकच का?"

संध्याकाळी ओलं मशीन गाड्यावर घालून घरी आणलं. लीलाबाई दूध काढून पायऱ्या चढत होत्या. गाडा वाटेत होता म्हणून त्यांनी बाजूला सारायला मुठीला हात घातला, आणि त्यांच्या अंगठ्याखाली कुंकवाचं बोट आलं. त्यांनी ते बघितलं. वाकून गाड्याच्या पायावरचं दुसरं बोट बघितलं. मग चाकाकडं बघितलं. म्हणाल्या, "ह्यो आमचा कठडा न्हवं? चालाय बी लागला की." एवढंच. दुधाची कासंडी घेऊन वर गेल्या. त्यानंतर दोन दिवसांनी धोंडाआक्कांचा फोन आला की तुमच्या डोळ्याचं नक्की झालं, सोबतीला कुणी असतं तर बरं. लीलाबाईंची पिशवी मला वाटतं आधीच भरलेली होती. डोळा तुमचा होता म्हणून निमित्त सभ्य मिळालं, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानतो.

घर आहे तसंच आहे. सकाळी चहा मी करतो, दोन कप होतो. पिठलं जमतं. भाकरीचं म्हणाल तर तिला गाय तोंड लावते, त्यावरून फार वाईट नसावी. बाकी मला काही वाटत नाही, फक्त संध्याकाळी धारेच्या वेळेला मागचं दार वाजत नाही ते कानाला चुकल्यासारखं होतं. एक दिवस तसंच ऐकत बसलो होतो, उठलो, गाडा विहिरीवर नेला आणि प्लाझ्मा कटरनं गाड्याचेच तुकडे केले. (ज्या मशीनसाठी गाडा, त्याच मशीननं. मशीन नंतर मी आणि बिरूनं घरापर्यंत कसं आणलं ते बिरूला विचारू नका, तो अजून कंबर धरून गाडी चालवतो.) मग घरी बसून कठडा जोडला. पाईप पातळ, करंट जास्त, पहिल्या दिवशी जोडण्यापेक्षा भोकंच जास्त पडली. मशीन अगदी कमीवर आणून, बारीक रॉड लावून ती भोकं बुजवली. जिथं हात फिरणार तो वरचा पाईप ग्राइंडरनं घासला. डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा, जिथं टोचेल तिथं पुन्हा घासायचं, असं करत दिवस गेला. आता तो लोण्यासारखा झाला आहे. कुंकवाची बोटं घासण्यात गेली, एक तेवढं आतल्या अंगाला ठेवलं आहे. तर कठडा झाला आहे. किरकोळ काम बाकी आहे, पण झाला आहे असं समजायला हरकत नाही.

तेव्हा सल्ला असा. घरच्या सिंगल फेजवर चालणारं लहान इन्व्हर्टर मशीन घ्या, दुकानदार वरचं दाखवेल तेव्हा दुसरीकडं बघा. आपोआप काळी होणारी काच घ्या, तुमच्या डोळ्यांना तर हवीच. कापायला हातातला ग्राइंडर पुरतो. प्लाझ्मा कटरच्या नादाला अजिबात लागू नका. त्यानं घरातलं जे जे सरळ असतं त्याचे तुकडे होतात.

धोंडाआक्कांना नमस्कार, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, आणि चूकभूल पोटात घाला.

तुमचा साडू,
मानसिंग

ता. क. प्लाझ्मा कटर घ्यायचंच मनात असेल तर नवीन कशाला? माझा आहे. एका मोरापुरता आणि एका गाड्यापुरता वापरलेला आहे. फुकट न्या, पण तुमच्या माणसांनी उचलून न्या.

ता. क. दुसरा. वर किरकोळ काम बाकी आहे असं लिहिलं, ते असं की कठडा अजून भिंतीला टेकवून ठेवला आहे. पायरीत बसवायचा तर किती उंच आणि कोणत्या बाजूला, हे ठरत नाही. माझ्या हातानं धरून बघितला, पण माझा हात उपयोगाचा नाही. बादली घेऊन दहा वेळा पायऱ्या उतरलो, लीलाबाई बादली कोणत्या हातात धरतात ते आठवेना. उसाची गाडी बघून मी टन सांगायचो, आणि हे माणूस इतकी वर्षं रोज दोनदा माझ्यासमोर त्या पायऱ्या उतरलं, तर माझ्या ध्यानात फक्त दूध किती निघालं ते आहे. सिंधुबाईंना विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "आँ? तुमाला म्हाईत न्हाय?" मी तसाच परत आलो. तर तुम्हाला विनंती एवढीच की लीलाबाई तुमच्या ओसरीवरून उतरतील तेव्हा त्यांच्या नकळत जरा लक्ष ठेवावं. जमिनीपासून तळहातापर्यंत साधारण उंची किती, आणि त्या कोणता गुडघा धरतात. त्यांना विचारू नका. मला माहीत नाही हे त्यांना कळता कामा नये. पाडव्याच्या आत बिरूकडं निरोप द्या.

ता. क. तिसरा. पत्र बिरूच्या हाती देताना ध्यानात आलं. तुम्हाला वाचायची बंदी आहे, आणि काळ्या चष्म्यातून तुम्हाला गुडघा कसला दिसणार? धोंडाआक्कांचा चष्मा पिठात. आणि माझं अक्षर या जगात एकाच माणसाला लागतं. बिरू हॉर्न वाजवतो आहे, फाडून पुन्हा लिहायला वेळ नाही. तेव्हा पत्र इथवर जिनं वाचलं असेल तिला: कुंडलिकरावांना हा भाग वाचून दाखवू नकोस. खड्डे मी दोन्ही बाजूंना खणून ठेवले आहेत. उजवा का डावा, तेवढं सांग. नाहीतर ये आणि दाखव.